तीन गुरुवार, आजी हजर

जोहे, ता. पेण
६ जानेवारी २०२५

आदरणीय फ्लोराबाई,

डिसेंबरच्या पत्रात मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची कळवली. ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की दिशाची आजी, हौसाआजी, लागोपाठ तीन महिने भेटीला आलीच नाही, आणि जिला नातीसाठी महिन्यातला एक गुरुवार काढता येत नाही तिला आजी कशाला म्हणायचं. हौसाआजी तिन्ही वेळा आली होती. ३ ऑक्टोबरला, ७ नोव्हेंबरला आणि ५ डिसेंबरला. आम्ही वरच्या मजल्यावर खोलीत तिची वाट बघत होतो आणि ती खाली पायरीवर बसली होती.

हे मला शनिवारी कळलं. कारखान्यात सध्या साच्यातून मूर्ती काढायचं काम चालू आहे, त्यासाठी काथ्या आणायला पेणला गेले होते. दिशाच्या भेटी होतात त्या संस्थेच्या कार्यालयासमोर चहाची टपरी आहे. तिथल्या बाईने स्वतःहून विचारलं, "ती काठीवाली म्हातारी आली नाय गो या महिन्यात? तुमच्याच पोरीची कोण ना ती? रोह्याच्या गाडीने येते, दुपारपर्यंत बसते आन् जाते. मी बोलले, वर जा की. तर बोलावतील म्हणाली."

मी तिला तीन वेळा तेच विचारलं. मग रखवालदार जगनला विचारलं. तो म्हणाला, कमळाकर साहेबांनी सांगितलं होतं, खाली बसव, बोलावतो. म्हणून बसवलं. बोलावायचं काम त्याचं नाही.

तुम्हाला बरंचसं ठाऊक आहे, तरी क्रमाने मांडते, नाहीतर माझंच डोकं ठिकाणावर राहणार नाही. दिशाची आई वारली, बाप कुठे आहे कुणाला माहीत नाही. आजीने सांभाळली. गेल्या मेमध्ये आजी अंगणात पडली, खुबा मोडला, आणि सात वर्षांच्या मुलीला बघायला घरात कुणी उरलं नाही. जूनमध्ये बालकल्याण समितीने तिला आमच्याकडे दिलं. कागदावर मी आणि हर्षद तिचे 'प्रतिपालक' आहोत, म्हणजे तिचं घर पुन्हा उभं राहीपर्यंत सांभाळणारे. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, अकरा वाजता, संस्थेच्या कार्यालयात आजीची भेट. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर भेटी नीट झाल्या. आमची फाइल संस्थेतले कमळाकर बघतात. नंतरच्या तीन वेळा त्यांनी दुपारी दीड वाजता नोंदवही पुढे केली. त्यात लिहिलेलं होतं, 'आजी गैरहजर'. खाली माझी सही आहे. तीन वेळा.

कमळाकर म्हणतात, तीन गैरहजेऱ्या झाल्या की ते समितीला अहवाल देतात, घरच्यांना मुलीत रस नाही म्हणून. मग भेटी बंद, आणि दिशा कायमची आमच्याकडे ठेवायचा विचार होतो. जानेवारीची भेट त्यांनी ठेवलीच नाही. म्हणजे माझ्या सहीने एका बाईची नात जाणार आणि ती माझ्याच घरी राहणार. ज्याला चषक मिळायचा त्यानेच गुण लिहायचे, असा सामना तुम्ही कुठे बघितलात का?

आमच्या घरात सही करणारी मी पहिली. बाबा अंगठा लावायचे, आणि लावताना मला म्हणायचे, बघ काय लिवलंय. मी वाचून दाखवायचे. पुढे शाळेत कबड्डी शिकवताना तुम्ही सांगितलंत, सामना संपला की गुणपत्रकावर कर्णधाराची सही, आणि वाचल्याशिवाय सही नाही. मी वाचलं होतं, बाई. प्रत्येक वेळी वाचलं होतं. वाचून सही केली आणि तरी ते खोटं निघालं. मला फार राग आलाय. कुणावर काढू ते कळत नाही.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून हे सगळं लिहायला लागलं. एका परीने बरंच झालं. बोलले असते तर ओरडले असते.

तुमची
नूतन


रोहे
१२ जानेवारी २०२५

चि. नूतन,

काल शनिवार, आमचा शब्बाथ, त्यामुळे पत्र वाचलं पण हातात पेन धरलं नाही. आज लिहिते.

दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मलाही राग आला. पण त्या कमळाकरचा नाही. त्याच्याकडे पन्नास फाइली असतील, खाली म्हातारी बसवली हे विसरला असेल. एकदा विसरला आणि मग चूक झाकायला पुन्हा तेच केलं, असंही असेल. अशी माणसं मी शाळेच्या कचेरीत तेहतीस वर्षं बघितली. राग तुझा आला. सहीबद्दल तू अख्खा परिच्छेद लिहिलास, आणि खुबा मोडलेली बाई दगडी पायरीवर अडीच तास कशी बसली असेल याबद्दल एक ओळ नाही.

तुझा खेळ मला आठवतो. डावा कोपरा. पकड चांगली होती, पण साखळी सोडून एकटी पुढे झेपावायचीस. चढाई करणारी दिसली की तुला दम निघायचा नाही. मी किती वेळा सांगितलं असेल, साखळीत एकमेकींचा हात धरतात तो समोरचीला पकडायला नाही, आपल्यातली कुणी एकटी धावू नये म्हणून. कोपऱ्यावरची झेपावली आणि मधली मागे राहिली की दोघी जातात.

आता हे बघ. जुलैपासूनच्या तुझ्या पत्रांत हौसा येते, दिशाला हात लावते आणि जाते. मग दोन दिवस पोरगी जेवत नाही, असंच वर्णन आहे. मी जुनी पत्रं काढून बघितली. तू तिला चढाई करणारी समजून खेळतेयस. ती मध्यरेषेच्या पलीकडची नाही गो. ती तुझ्याच बाजूची आहे. तिला दुखापत झाली म्हणून तुला राखीवमधून उतरवली. राखीव खेळाडू मैदानात आली म्हणजे जिच्या जागी आली ती विरुद्ध संघात जात नाही. एवढं आमच्या सातवीच्या मुलींना कळायचं.

कमळाकरला जाऊन सरळ विचार. आवाज न चढवता. विसरला असेल तर दुरुस्त करील. मी स्वतः हौसाला भेटून येईन म्हणते. कोलाडच्या बाजूची तिची वाडी इथून लांब नाही.

माझ्या मुलाचा, एलियासचा फोन आला होता, तिकडे थंडी आहे म्हणतो. मला अर्धंच ऐकू आलं. जेवत जा.

फ्लोरा


जोहे
१६ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,

तुम्ही सांगितलंत म्हणून कमळाकरांना भेटले. आवाज चढवला नाही. तुम्हाला वाटतं तसं ते विसरलेले नाहीत.

त्यांनी दार लावून घेतलं, मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाले, "ताई, मी हे तुमच्यासाठीच केलं. तुम्हीच म्हणाला होतात." मला आधी काही समजेना. मग त्यांनी तारीख सांगितली. सप्टेंबरच्या भेटीनंतर जिना उतरताना मी त्यांना म्हणाले होते, आजीला भेटून आली की दिशा दोन दिवस जेवत नाही, भेटी नसत्या तर बरं झालं असतं. मी म्हणाले होते. अगदी याच शब्दांत. त्यांनी ते मनावर घेतलं. म्हातारीला स्पष्ट नाही म्हणता येत नाही, नियमात बसत नाही, म्हणून खाली बसवून ठेवली. त्यांचं म्हणणं, पोर चांगल्या घरी पडलीय, शाळेत रमलीय, म्हातारीकडे काय आहे? वाल पेरायचा जमिनीचा एक तुकडा आणि एक काठी.

मी म्हणाले नोंद दुरुस्त करा. ते हसले नाहीत, हे सांगायला हवं. चेहरा खरंच काळजीचा होता. म्हणाले, दुरुस्त करायची म्हणजे तीन खोट्या नोंदी झाल्या असं लेखी द्यायचं, आणि तिन्हींवर प्रतिपालक आईची सही आहे. समितीला तुमच्याबद्दल शंका आली तर पोर तुमच्याकडेही ठेवणार नाहीत. चौकशी होईपर्यंत बालगृहात. मग ना आजी, ना तुम्ही. घरी जाऊन विचार करा.

घरी हर्षदला सांगितलं. तो कंपनीतून पहिली शिफ्ट करून आला होता, दिशाच्या सायकलची चेन बसवत होता. त्याने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "पोर जाईल गो. मग बस तुझी सही बघत." त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्याचंही खोटं नाही. लग्नाला सात वर्षं झाली. या घरात कुणी त्याच्यासाठी दाराशी धावत येतं ते जूनपासून.

आणि तुम्ही मला खेळ शिकवताय. राखीव, साखळी, कोपरा. बाई, मैदानात शिट्टी वाजली की सगळ्या आपापल्या घरी जातात. माझ्याकडे शिट्टी वाजली की एक मूल जातं. हे सारखं नाही.

शिवाय ज्या मैदानाचं तुम्ही सांगताय तिथलं एक मलाही सांगायचंय. आजवर कधी बोलले नव्हते. नागोठण्याचा अंतिम सामना, मी दहावीत. शेवटच्या चढाईत समोरच्या संघातल्या मुलीची बोटं माझ्या घोट्याला लागली होती. पंचाला दिसलं नाही. शाळेत तुम्ही शिकवलं होतं, हात लागला असेल तर पंचाने बघितलं नसलं तरी आपण हात वर करून बाहेर यायचं. मी हात वर करणार होते. बाहेरून तुमचा आवाज आला, "खेळ, नूतन, खेळ." मी खेळले. आपण एका गुणाने जिंकलो. गुणपत्रकावर कर्णधार म्हणून सही माझी होती, बाई. तेव्हाही वाचूनच केली होती.

तेव्हा मला उपदेश करायच्या आधी तुम्ही विचार करा. आणि कृपा करून हौसाआजीकडे जाऊ नका. कमळाकरांच्या कानावर गेलं तर ते उद्याच अहवाल पाठवतील.

नूतन


रोहे
२६ जानेवारी २०२५

नूतन,

तुझं 'जाऊ नका' वाचलं आणि चप्पल घातली. रागाव. मी तुझ्या नोंदवहीत नाही आणि कमळाकरच्या फाइलीतही नाही. एक म्हातारी दुसऱ्या म्हातारीकडे जायला कुणाची परवानगी लागत नाही.

आधी माझी चूक मान्य करते. तो माणूस विसरलेला नव्हता. मी त्याला माझ्या मापाने मोजलं.

हौसाचं घर दोन खोल्यांचं, सारवलेलं. मागे भात काढलेल्या रानात वाल उभा आहे, शेजारणीने पेरून दिलाय. मी माझी ओळख सांगितली, दिशाला सांभाळणाऱ्या मुलीची मी बाई. तिने मला पाट दिला आणि स्वतः उभी राहिली. बसली की उठायला वेळ लागतो म्हणाली. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर ती ओरडून बोलायला लागली आणि अर्ध्या वाडीने आमचं बोलणं ऐकलं.

तुझ्यासारखीच मीही तिच्यावर चिडले होते, हे सांगते. तीन वेळा बसलीस, एकदा तरी हाक का मारली नाहीस, असं विचारलं. ती म्हणाली, "सरकारी काम हाय. बोलावतील म्हणले, मी बसले. आन् पोरीने खिडकीतनं हात केला ना वरनं. तिन्ही वेळेला केला. मी पण केला. दिसली मला, बरी हाय, अंगाने भरलीय. शेंगा घेऊन गेलते, त्या मात्र परत आणल्या."

हे वाक्य पुन्हा वाच. दिशाने तिला बघितलं होतं. तिन्ही वेळा. तू त्याच खोलीत होतीस. मुलीने तुला का सांगितलं नाही ते मला ठाऊक नाही. ते शोधायचं काम तुझं आहे.

हौसा रोज सकाळी कळशी उचलून बघते. सध्या अर्धी भरलेली उचलते. पूर्ण उचलली की नातीला आणीन, असं तिने ठरवलंय. कुणी तिला तसं सांगितलेलं नाही, तिचं तिनेच. तुझ्याबद्दल वाईट बोलली नाही, चांगलंही बोलली नाही. एवढंच विचारलं, केस कोण विंचरतं. मी म्हटलं, नूतन विंचरत असेल. म्हणाली, उवा बघत जा म्हणावं.

आता नागोठण्याचं.

म्हटलं होतं मी. "खेळ" म्हटलं होतं. तुझा घोटा मला माझ्या जागेवरून दिसला होता आणि तुझा हात वर जायला लागलेलाही दिसला होता. सोळा वर्षांत एकदाही आमची शाळा तिथवर पोचली नव्हती. मी स्वतःला सांगितलं, पंचाचं काम पंचाने करावं. त्या समोरच्या मुलीने पंचाकडे बघितलं, मग तुझ्याकडे बघितलं, आणि मुकाट्याने परत गेली. तिचा चेहरा मला आजही ओळखता येईल. तू विसरली असशील अशी माझी समजूत होती. खरं म्हणजे तू विसरावंस म्हणून मी तो सामना कधी तुझ्यापुढे काढला नाही.

त्यामुळे उपदेश करायचा हक्क मला नाही, हे तुझं बरोबर. पण त्या दिवशी मी 'खेळ' म्हटलं त्यातून काय मिळालं ते मला ठाऊक आहे. एक चषक मिळाला आणि एक मुलगी मिळाली जी सत्ताविसाव्या वर्षीही सही करताना घाबरते.

फ्लोरा


जोहे
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,

तुमच्या पत्राला लगेच उत्तर लिहायला बसले होते, चार वेळा फाडलं. मला आणखी एक दुरुस्ती करायची आहे आणि ती करायला लाज वाटते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की हे मला शनिवारी, ४ जानेवारीला कळलं. हे पूर्ण खरं नाही. ७ नोव्हेंबरला सव्वाबाराच्या सुमाराला मी दिशासाठी पाण्याची बाटली भरायला जिन्यापर्यंत आले होते. वरून पायरीवर बसलेल्या बाईची पाठ दिसली. हिरवं लुगडं, शेजारी काठी, कापडी पिशवी. पाठ हौसाआजीसारखी होती. मी दोन पायऱ्या उतरले. मग मनात म्हटलं, ती असती तर वर आली नसती का. आणि बाटली भरून परत गेले. परत गेले आणि तासाभराने 'गैरहजर' खाली सही केली. तुम्ही घोटा बघितलात तसं मी पाठ बघितली. जानेवारीत त्या चहावालीला मी तीन वेळा का विचारलं ते आता तुम्हाला कळलं असेल. ती नाही म्हणेल अशी आशा होती.

कमळाकरांचा राग येतो तो खरा आहे, कमी झालेला नाही. माणसं खाली बसवून वर कागद करायचे आणि वर म्हणायचं तुमच्यासाठी केलं. पण त्यांनी माझ्या मनातलंच केलं. मी बोलले आणि त्यांनी ऐकलं, एवढाच आमच्यात फरक.

दिशाला विचारलं. कसं विचारावं ते दोन दिवस कळत नव्हतं. काल अंगणात आमचा खेळ चालला होता. जूनपासून मी तिला आणि शेजारच्या मुलींना कबड्डी शिकवते. मी दम लागून कट्ट्यावर बसले, ती शेजारी आली. मी विचारलं, आजी खाली बसलेली तुला दिसायची का. ती म्हणाली, व्हय. मग मला का नाही सांगितलंस? तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला साधी गोष्ट कळत नाही.

"आजी बाद झालीय ना. पडली तेव्हा. बाद झालेल्याने बाहेर बसायचं, आणि आपण त्याच्याशी बोलायचं नाय. तूच सांगितलंस."

मी सांगितलं होतं. लहान मुली बाद झालेल्यांशी गप्पा मारत बसतात आणि खेळ विसरतात, म्हणून सप्टेंबरअखेर मी तो नियम केला होता.

मी विचारलं, मग आजी आत कधी येणार? ती म्हणाली, "आपण गुण मिळवला की. पहिली बाद झाली ती पहिली येते. तू एकपण नाय मिळवलास."

आणि उठून खेळायला गेली.

बाई, ती तीन महिने खिडकीत उभी राहून माझी वाट बघत होती. आजीची नाही, माझी. आम्ही एका बाजूचे आहोत हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, तुमच्या सातवीच्या मुलींसारखं. मलाच माहीत नव्हतं. भेटीनंतर ती दोन दिवस जेवायची नाही तेव्हा मी धरून चालले की आजीमुळे त्रास होतो. मी एकदाही विचारलं नाही की तुला काय हवंय. मूल जेवत नाही म्हणजे त्याला माझ्यापासून काढून नेतंय कुणीतरी, हाच अर्थ मला सुचला.

संध्याकाळी हर्षदला हे सगळं सांगितलं, पाठीचंही सांगितलं.  तो म्हणाला, पाठीचं समितीला सांगायची काय गरज, कुणी बघितलंय. मी म्हणाले, मी बघितलंय. तो म्हणाला, "तू असं बोलतेस तेव्हा तुझ्यासोबत राहायचं अवघड होतं." रागाने नाही म्हणाला. थकून म्हणाला.

हौसाआजीला विचारा, अर्ज घेऊन ती माझ्याबरोबर समितीपुढे येईल का. पायरीवर बसवणार नाही म्हणावं. आणि तिला हेही सांगा की ती नको म्हणाली तर मी एकटी जाईन.

नूतन


रोहे
९ फेब्रुवारी २०२५

नूतन,

जाऊन आले. हौसा येते. मी तिला रोह्याहून सकाळच्या गाडीने आणते, मधे काही लागलं तर मी आहे. मला समितीचं बोलणं ऐकू येणार नाही, तेव्हा मी काही बिघडवणारही नाही.

तिला तुझं सगळं सांगितलं, नोव्हेंबरचंसुद्धा. लपवलं असतं तर तिथे तिला सगळ्यांसमोर कळलं असतं.  तिने वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या आणि सोलता सोलता म्हणाली, "उतरली असती आणखी चार पायऱ्या, तर काय मी खाल्ली असती तिला?"  थोड्या वेळाने म्हणाली, "नात माझी हाय. मी सोडणार नाय, असं सांग तिला. गोड बोलून माझ्याकडनं काय लिहून घ्यायला आली तर मी अंगठा देणार नाय."

तेव्हा ती तुला माफ करायला येत नाही. आपली नात मागायला येतेय. हे समजून अर्ज लिही. तिच्या बाजूने लिहायचा म्हणजे तुला गोड वाटेल तसा नाही.

कळशी पाऊण झालीय.

फ्लोरा


जोहे
१३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय फ्लोराबाई,

अर्ज लिहून झाला. पहिला मसुदा साडेतीन पानांचा झाला होता, त्यात माझंच दुःख जास्त होतं. ते सगळं काढलं. आता सव्वा पान आहे. त्यात इतकंच लिहिलंय. ३ ऑक्टोबर, ७ नोव्हेंबर आणि ५ डिसेंबर या तिन्ही दिवशी आजी श्रीमती हौसा हजर होत्या आणि त्यांना वर बोलावलं गेलं नाही. नोंदी चुकीच्या आहेत. त्यांच्याखाली माझी सही आहे. त्यातल्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना पाठमोरं बघितलं होतं आणि खात्री करून घेतली नाही. भेटी नकोत असं सप्टेंबरमध्ये मीच बोलले होते, कमळाकरांनी त्यावरून हे केलं. त्यांनी केलेलं चूक आहे आणि माझं बोलणंही. बुडालेल्या तीन भेटी आधी भरून द्याव्यात, आणि त्या कार्यालयात नाही, आजीच्या घरी. मुलीला सुट्टीत आजीकडे राहू द्यावं, आजीचा खुबा बरा होईल तसे दिवस वाढवावेत, आणि आजीला सांभाळता येईल तेव्हा मुलगी तिच्याकडे जावी. तोवर समितीने योग्य मानलं तर आम्ही सांभाळू.

'योग्य मानलं तर' हे तीन शब्द लिहायला मला पूर्ण एक दुपार लागली. हर्षदने ते खोडायला सांगितलं. मी खोडले नाहीत. त्याने अर्ज परत दिला आणि घराबाहेर गेला. अर्जावर दोघांची सही लागते. त्याची जागा अजून कोरी आहे. त्याने केली नाही तर कोऱ्या जागेसकट देईन. त्याच्या वतीने मी काही लिहिणार नाही.

काल कमळाकरांना समक्ष जाऊन अर्जाची प्रत दिली. पाठीमागून काही केलं असं त्यांना म्हणता येऊ नये म्हणून. त्यांनी उभ्याउभ्या वाचली. म्हणाले, "ताई, तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय. पोरीचा तरी विचार करा." मी म्हणाले, तिचा विचार तुम्ही आणि मी जूनपासून करतोय, तिला न विचारता, आता पुरे. माझा आवाज चढला. बाहेर जगनने ऐकला असणार. मला त्याचं वाईट वाटत नाही.

दिशाला काय सांगायचं ते ठरवलंय. परत येशील असं तिला सांगणार नाही, कारण ते मला माहीत नाही. आजीला आत घेऊन जायचंय, एवढं सांगणार. बालगृहात ठेवायचं ठरलं तर तिच्या कपड्यांची पिशवी लागेल, ती भरून ठेवली आहे. ती दिसू नये म्हणून कपाटावर ठेवली होती. मग वाटलं, हेही लपवणंच झालं. खाली काढून तिच्या डोळ्यांसमोर ठेवली. तिने उघडून बघितली आणि विचारलं, खेळताना गुडघ्याला बांधायचा पट्टा कुठाय. तो घातला.

मला भीती वाटतेय. राग आहे तोवर भीती मागे राहते, म्हणून राग जाऊ देत नाही.

समितीची बैठक या वेळी पेणलाच आहे. तुम्ही दोघी स्टेशनवर उतरलात की मी रिक्षा घेऊन उभी असेन. अर्ज मी मंगळवारी, १८ फेब्रुवारी २०२५ रोजी, सकाळी अकरा वाजता समितीच्या हातात देणार आहे.

नूतन